दोन दिवसांचें माहेर

सुख भोगण्याचा मनुष्यास अधिकार आहे कीं नाहीं, या प्रश्नाची चर्चा तत्त्ववेत्त्यांनीं पुष्कळ केली आहे. परंतु संसारी माणसाला जो प्रश्न खरोखर बोचतो तो याहून लहान, आणि म्हणूनच अधिक अवघड आहे. आपलीं माणसें ज्यांत वांटेकरी नाहींत असें सुख आपण निःशंक मनानें भोगावें काय, हा तो प्रश्न होय. मोठ्या सुखाच्या वेळीं तो सहसा उठत नाहीं. मुलाला परदेशांत चांगली नोकरी लागली म्हणजे आईबाप आपला विरह गिळून पेढे वांटतात. त्यानें तेथें घर घेतलें म्हणजे चार ठिकाणीं अभिमानानें सांगतात. प्रश्न उठतो तो किरकोळ सुखाच्या वेळीं. ज्या सुखाला कांहीं निमित्त नाहीं, ज्यापासून कोणाचा कांहीं लाभ नाहीं, जें केवळ सुख म्हणूनच घेतलें, तेंच मनाला लागून राहतें. घेणाऱ्याच्याहि आणि पाहणाऱ्याच्याहि.

आमच्या सावनेरचेंच उदाहरण घेऊं. नागपुराहून छिंदवाड्यास जाणाऱ्या रस्त्यावरील हें तालुक्याचें गांव. भोंवतीं संत्र्यांच्या बागा, कपाशीचीं शेतें आणि कोळशाच्या खाणी. जवळून वाहणारी कोलार नदी. पूर्वेचा काय किंवा पश्चिमेचा काय, समुद्र येथून शेंकडों मैल दूर. येथल्या एखाद्या घरांतील मुलगा आणि सून इंग्लंडांत नोकरीस आहेत असें समजा. अशीं घरें आतां दुर्मिळ राहिलेलीं नाहींत. शनिवार-रविवारला जोडून एक दिवसाची रजा मिळते, आणि तीं दोघें ब्रायटनच्या समुद्रकांठीं जाऊन येतात. तेथला किनारा वाळूचा नाहीं, गोलसर गोट्यांचा आहे. त्या गोट्यांवर बसून तीं कागदांत बांधून आणलेले बटाट्याचे तळलेले काप खातात, वाऱ्यानें कुडकुडतात, एक छायाचित्र काढतात आणि परत येतात. तें छायाचित्र त्याच रात्रीं फोनवरून सावनेरास येऊन पोंचतें. आई तें डोळ्यांजवळ धरून पाहते आणि म्हणते, "बरीं दिसतात. सुट्टी मिळते म्हणायची!"

या बोलण्यांत राग नाहीं, शापहि नाहीं. तरी घरांत थोडा वेळ कोणी बोलत नाहीं. वडील मुलाची आणि सुनेची बाजू घेऊन हिशेब मांडतात: दोन-तीन दिवसांत इकडे येऊन जाणें शक्य नाहीं, एका बाजूच्या प्रवासालाच एक दिवस जातो, तिकिटाला किती पडतें तें वेगळेंच. हिशेब अगदीं बरोबर असतो आणि तो कोणाचेंहि समाधान करीत नाहीं. कारण आईची तक्रार दिवसांच्या संख्येविषयीं नव्हतीच. आमच्यावांचून तुम्हांला आनंद होऊं शकतो, हें तिला त्या छायाचित्रांत दिसलें. तिकडे त्या दोघांच्या मनालाहि नेमकें हेंच बोचत असतें. तेव्हां या दोन दिवसांत नैतिक दृष्ट्या वावगें असें कांहीं आहे काय, हें एकदां नीट तपासून पाहणें बरें.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. केवळ विरंगुळ्यासाठीं घर सोडणें ही आपल्या समाजांतली जुनी रीत नव्हे. घराबाहेर पडावयाचें तें तीर्थयात्रेसाठीं, लग्नकार्यासाठीं, बाळंतपणासाठीं किंवा नोकरींतल्या बदलीसाठीं. 'हवापालट' हा शब्द पुढें रूढ झाला. पण त्यालाहि वैद्याची किंवा डॉक्टराची शिफारस लागे. रामदास-तुकारामांच्या देशांत केवळ मौजेसाठीं बाहेर पडतों असें म्हणण्यास मनुष्य कचरत असे. आणि विसांवा घ्यावयाचा तोहि शक्यतों आपल्या माणसांच्या घरीं. राम गणेश गडकरी आजारानें खंगले तेव्हां ते आमच्या सावनेरास भावाच्या घरीं येऊन राहिले. 'भावबंधन' नाटकाचें शेवटचें लिखाण त्यांनीं येथेंच पुरें केलें आणि येथेंच २३ जानेवारी १९१९ रोजीं त्यांचा अंत झाला. दुखणें असो कीं थकवा असो, विश्रांति म्हणजे आप्तांचें घर, असाच आपला पिढ्यान् पिढ्यांचा समज.

इंग्रजांची गोष्टहि मुळांत फार निराळी नव्हती. ज्या ब्रायटनचा वर उल्लेख आला, तें गांव नांवारूपास आलें तें समुद्राच्या पाण्याला औषध मानल्यामुळें. डॉक्टर रिचर्ड रसेल यांनीं १७५० सालीं ग्रंथिरोगांवर समुद्राच्या पाण्याचा उपयोग सांगणारें पुस्तक लॅटिन भाषेंत लिहिलें, आणि रोगी त्या किनाऱ्याकडे धांव घेऊं लागले. पाण्यांत बुडी मारण्याबरोबर तें पिण्याचाहि उपचार असे. १८४१ सालीं लंडनहून तेथवर आगगाडी झाली, तेव्हां रोग्यांच्या मागोमाग निरोगी लोकहि निघाले. १८७१ च्या कायद्यानें बँकांना ठराविक सुट्ट्या मिळाल्या आणि त्या हळूहळू सर्वांच्याच झाल्या; पगारी रजेचा कायदा तर १९३८ चा. म्हणजे समुद्राकांठीं उगाच बसून राहण्याची मोकळीक त्या देशांतील सामान्य माणसालाहि फार जुन्या काळीं मिळालेली नाहीं, आणि तिचा आरंभहि औषधाच्या निमित्तानेंच झाला. निमित्तावांचून सुख घेण्याची लाज ही कांहीं आपली एकट्यांचीच नव्हे.

त्यांतहि नवराबायकोनें दोघांनींच कोठें जावें, ही गोष्ट तर आपल्याकडे फारच अलीकडची. एकत्र कुटुंबांत पतिपत्नींना एकांत असा नसेच. दिवसा एकमेकांशीं उघड बोलणेंहि मर्यादेचा भंग मानीत. हा एकांत सुशिक्षित वर्गांतील कांहीं जोडप्यांस प्रथम मिळाला तो सरकारी नोकरींतल्या बदलीमुळें. महादेव गोविंद रानडे यांची १८७८ सालीं पुण्याहून नाशिकास बदली झाली. पुण्याच्या घरांत रमाबाईंना शिक्षणावरून वडीलधाऱ्या स्त्रियांचा जो जाच सोसावा लागे, त्यांतून त्या नाशिकांत सुटल्या. 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' या १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकांत तेथल्या दिवसांचें समाधान स्पष्ट दिसतें. गोपाळराव जोशी यांनीं तर आनंदीबाईंच्या शिक्षणांत घरच्यांची ढवळाढवळ होऊं नये म्हणून कल्याणहून अलिबागेस बदली करून घेतली. पण गांव बदललें तरी लोकांचे डोळे कोठेंहि सुटत नाहींत. पुढें १८८३ सालीं, अमेरिकेस जाण्यापूर्वीं बंगाल्यांतील श्रीरामपूर येथें केलेल्या भाषणांत, तिकडच्या रस्त्यांवरून चालतांना आपणांस केवढी टवाळी सोसावी लागते, हें आनंदीबाईंनीं स्वतःच सांगितलें आहे. नवराबायकोनें बरोबर फिरावयास निघणें हाच तेव्हां अपराध होता. आज रस्त्यावरचे डोळे बहुतेक मिटले आहेत. उरले आहेत ते घरचे डोळे. ते रागावलेले नाहींत, ओले आहेत, आणि ओल्या डोळ्यांना उत्तर देणें अधिक कठीण.

आतां कोणी म्हणेल, त्या काळच्या जोडप्यांस एकांत दुर्मिळ होता, म्हणून त्यांनीं घराबाहेर पडावें हें समजतें. परंतु परदेशांत राहणारीं दोघें तर बारा महिने एकटींच असतात. मग त्यांना आणखी कोठल्या एकांताची हांव? हा आक्षेप वरवर पाहतां बिनतोड दिसतो. आमच्या मतें त्याचें उत्तर आपल्याच भाषेंतील एका शब्दांत आहे. तो शब्द म्हणजे माहेर.

आपल्याकडील स्त्रीच्या आयुष्यांत निमित्तावांचून विसांवा घेण्याची तेवढी एकच मान्य जागा होती. सासरीं तिचा छळच होत असे असें नव्हे. पुष्कळ सासरें प्रेमळ होतीं. पण प्रेमळ सासरींहि ती सदा जागी असे. पदर नीट आहे ना, बोलणें मोठ्यानें झालें नाहीं ना, भाजींत मीठ कमी पडलें नाहीं ना! माहेरीं पाऊल टाकलें म्हणजे ही जागरूकता गळून पडे, आणि माहेरचें खरें सुख तें हेंच. पुरुषाला हें सुख ठाऊक नव्हतें, कारण त्याला त्याची गरज नव्हती. तो जन्मभर आपल्याच घरीं असे. परदेशीं गेल्यावर मात्र पुरुषहि सासुरवासी होतो. आपलें नांव दुसऱ्याच्या जिभेला पेलेल असें तोडून सांगावयाचें. फोडणीचा वास जिन्यांत गेला तर शेजारी काय म्हणतील याचा विचार करावयाचा. कचेरींतल्या विनोदाला आपण बरोबर ठिकाणीं हंसलों ना, हें पाहावयाचें. यांत कोणी कोणाचा अपमान करीत नाहीं. तरी दोघेंहि सदा जागीं असतात. माहेर दोघांचेंहि सारखेंच दूर. एकाच सासरीं नांदणाऱ्या दोन जावांसारखी त्यांची स्थिति होते. त्या एकमेकींना धीर देतील, पण एक दुसरीचें माहेर होऊं शकत नाहीं.

समुद्रकिनाऱ्यावर ही जागरूकता दोन दिवस कां सुटते? आमच्या समजुतीप्रमाणें त्याचें कारण असें कीं, तेथें बहुतेक सगळेच उपरे असतात. त्या गोट्यांवर बसलेल्यांपैकीं कोणी लंडनचा, कोणी आणखी कोठला. प्रत्येकाची पिशवी जवळ, प्रत्येकाला सायंकाळीं कोठें तरी परत जावयाचें. जेथें सर्वच पाहुणे, तेथें परका असा कोणी उरत नाहीं. तुम्ही मूळचे कोठले, असें तेथें सहसा कोणी विचारीत नाहीं. विचारलें तरी तो प्रश्न एकट्या त्यांनाच नसतो. गंमत अशी कीं, ज्या समाजांत समुद्र ओलांडणें हें एके काळीं कलिवर्ज्य गणलें गेलें, आणि परत आलेल्यास प्रायश्चित्ताविना पंक्तीस घेत नसत, त्याच समाजांतील हीं दोघें रात्रीच्या विमानांतून झोपेंतच समुद्र ओलांडून गेलेलीं असतात. आणि तो नीट डोळे भरून पाहतात तो पलीकडल्या तीरावर पोंचल्यानंतर. सावनेरच्या माणसाच्या बाबतींत तर असें घडणें अगदीं साहजिक.

तर मग हें सुख चोरीचें आहे काय? चोरी म्हणावयाची तर दुसऱ्याचें कांहीं तरी कमी झालें पाहिजे. तीं दोघें त्या दिवशीं समुद्रावर न जातां घरांत पडदे ओढून बसलीं असतीं, तर सावनेरच्या आईच्या पदरीं काय पडलें असतें? कांहीं नाहीं. येथें पैशाचें कर्ज आणि माणसाचें ऋण यांत घोटाळा होऊं देतां कामा नये. मुलाला परदेशीं धाडण्यासाठीं बापानें बाग गहाण टाकली असेल आणि तें कर्ज अजून फिटलें नसेल, तर चैनीचा प्रत्येक रुपया प्रथम तिकडे गेला पाहिजे, याबद्दल आमच्या मनांत शंका नाहीं. तो व्यवहार आहे आणि त्याला हिशेब आहे. परंतु पितृऋणाला असा हिशेब नाहीं. तीन ऋणांची जी कल्पना तैत्तिरीय संहितेंत आली आहे, तींत ऋषींचें ऋण अध्ययनानें, देवांचें यज्ञानें आणि पितरांचें प्रजेनें फिटतें असें सांगितलें आहे. म्हणजे पितरांचें ऋण फेडावयाचें तें पुढें जाऊन, आपला संसार नांदता ठेवून. स्मृतिकारांनींहि पतिपत्नींच्या परस्पर-संतोषांत कुळाचें कल्याण पाहिलें. ज्या परमुलखांत भांडण मिटविण्यास आजी नाहीं, रुसलेल्याची समजूत घालण्यास बहीण-भावजय नाहीं, तेथें हा संतोष आपोआप टिकत नाहीं. त्याला अधूनमधून मोकळी हवा द्यावीच लागते. अर्थात् यावरून आईबापांस भेटण्याची गरज उरत नाहीं, असें कोणी समजूं नये. भेटीचें देणें निराळें आहे. समुद्रावर गेल्यानें तें वाढत नाहीं, आणि न गेल्यानें फिटतहि नाहीं.

खरा दोष उत्पन्न होतो तो दुसऱ्याच ठिकाणीं. आईचें तें एक वाक्य कानीं पडलें, कीं पुढच्या वेळीं पुष्कळ जोडपीं छायाचित्र पाठवीत नाहींत. रविवारीं फोनवर विचारलें तर, "कुठं नाही गेलो, घरीच होतो, धुणीभांडी केली," असें सांगतात. हेतु वाईट नसतो. म्हाताऱ्या जिवाला उगाच टोंचणी कशाला, एवढाच विचार असतो. पण या दयाळू खोटेपणाचे परिणाम पाहा. आईच्या डोळ्यांपुढें त्यांच्या आयुष्याचें एक भलतेंच चित्र उभें राहतें; त्यांत काम आहे, थंडी आहे, धुणीं आहेत, पण हंसणें नाहीं. ती त्यांची कींव करूं लागते, त्यांच्यासाठीं उपास धरते. जिला कारण नाहीं अशी काळजी तिच्या गळ्यांत बांधणें ही दया कसली? आणि पुढें केव्हां तरी, तिसऱ्याच कोणाच्या बोलण्यांतून, खरी गोष्ट तिला समजते. तेव्हां तिला जें लागतें, तें मुलें समुद्रावर गेलीं याचें लागत नाहीं; आपल्याला परकें धरलें याचें लागतें. हजारों मैल दूर असूनहि तीं जवळ होतीं. एका लहानशा खोट्यानें तीं खरोखरच दूर गेलीं. शिवाय जें सुख चोरून घेतलें, तें घेणाऱ्यांनाहि पुरतें लाभत नाहीं. सासरच्या धास्तीनें माहेरीं जागी राहणाऱ्या मुलीसारखी त्यांची गति होते.

सांगणें म्हणजे मिरविणें नव्हे, हेंहि येथें म्हटलें पाहिजे. चाळीस छायाचित्रें धाडणारा आईशीं बोलत नसतो, तो जगाशीं बोलत असतो. वाऱ्यानें कान कसे दुखले, गोट्यांवरून चालतांना पाय कसे मुरडले, ते अळणी काप खातांना घरच्या तिखटाची आठवण कशी झाली, असें सांगावें. म्हणजे ऐकणाराहि घटकाभर त्या गोट्यांवर येऊन बसतो. दूरच्या माणसाला आपल्या सुखाचा वांटा देण्याची आम्हांस तरी दुसरी रीत ठाऊक नाहीं.

आतां दुसऱ्या पक्षालाहि दोन शब्द सांगणें न्यायाचें होईल. मुलांचें तें छायाचित्र पाहून आईच्या मनांत जी कळ उठते, ती सगळीच विरहाची असते काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. तिनें त्यांत आणखी एक गोष्ट पाहिलेली असते. नवरा आणि बायको शेजारीं शेजारीं बसलीं आहेत, हातांत कांहीं काम नाहीं, आणि स्वयंपाकाची वेळ झाली म्हणून कोणी उठत नाहीं. तिच्या तीस-पस्तीस वर्षांच्या संसारांत असा एक दिवस आला नाहीं. अदाशाच्या गणपतीला ती गेली, आषाढांत धापेवाड्याच्या विठोबालाहि गेली. पण बरोबर सासू होती, मुलें होतीं, डबे होते. नवऱ्याशीं त्या दिवशीं तिचें बोलणें झालें असेल तें "चला, उतरा आता," एवढेंच. याचें तिनें कधीं दुःख मानलें नाहीं, कारण सगळ्यांचेंच तसें होतें. सुनेच्या छायाचित्रानें तें पहिल्यानें दुःख झालें.

हें दुःख खरें आहे, आणि त्याला मत्सर म्हणून हिणविणें निर्दयपणाचें होईल. परंतु त्याला विरहाचें नांव देऊन मुलांच्या माथीं मारणेंहि योग्य नव्हे. त्या पिढीनें पुष्कळ सोडलें. त्या सोडण्यावरच मुलांचें शिक्षण उभें राहिलें. मुलांनीं सुखी व्हावें म्हणून जें सोडलें, तें त्यांनीं घेतलेलें पाहून डोळ्यांत पाणी यावें, पण मन कडू होऊं नये. नाहीं तर ज्याला आपण त्याग म्हणत होतों ती उधारी ठरते. न भोगलेलें सुख आपोआप पुण्य होत नाहीं, आणि पुढच्या पिढीकडून तें व्याजासह वसूलहि करतां येत नाहीं.

मग मुलांचें कर्तव्य कोणतें? आपले दोन दिवस सोडणें हें तर खास नव्हे. समुद्राला आम्ही माहेर म्हटलें खरें; पण तेथें वाट पाहणारें कोणी नसतें, एवढी त्यांत उणीव आहेच. वाट पाहणारीं माणसें सावनेरास आहेत. आपल्याला ज्या विसांव्याची गरज भासली, त्याच विसांव्याची गरज त्यांनाहि असेल, आणि तो त्यांना कोणी कधीं दिला नाहीं, हें मुलांनीं मनांत आणावें. पुढच्या खेपेस घरीं येतील तेव्हां इतर भेटवस्तूंबरोबर जगन्नाथपुरीचीं दोन तिकिटें त्यांच्या हातीं ठेवावीं. दोनच, बरोबर नातवंड नको, सोबतीला कोणी नको. आईबाप प्रथम नाहींच म्हणतील. आम्हांला काय करायचें आहे समुद्राचें, असें विचारतील. आणि मग देवदर्शन होईल म्हणून हळूच कबूल होतील. निमित्त लागलें तर लागो. समुद्र तसा त्यांनाहि परका नाहीं. आमच्या कोलारचें पाणी कन्हानेंत, तेथून वैनगंगेंत, पुढें प्राणहितेंतून गोदावरींत असें करीत शेवटीं त्या पूर्वसमुद्रालाच मिळतें. देवदर्शन आटोपल्यावर दोघांनीं घटकाभर वाळूंत बसावें, आणि रात्रीं इंग्लंडास फोन लावून पाणी केवढें होतें तें मुलांना सांगावें.